देश-संकेत डोमेन नाव : बेळगाव सीमाभागातील निवड व नोंदणी

संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी एखाद्या देशाचा दोन अक्षरी संकेत असेल, तर त्या पत्त्याला देश-संकेत डोमेन नाव म्हणतात. भारताचा संकेत ‘डॉट इन’. हे संकेत आयएसओ ३१६६ या आंतरराष्ट्रीय प्रमाणयादीतून घेतले जातात. कोणता प्रदेश देश आहे आणि कोणता नाही, हे ठरवणे नावे वाटणाऱ्यांचे काम नव्हे, असे इंटरनेटच्या नावांचा कारभार सांभाळणारे संगणकशास्त्रज्ञ जॉन पोस्टेल यांनी १९९४ च्या नियमपत्रात नोंदवून ठेवले आहे. यादीत जे आहे ते घ्यायचे, एवढेच त्यांचे धोरण.

डॉट इन १९८९ पासून अस्तित्वात आहे. बराच काळ ही नोंदणी मर्यादित होती. २००५ मध्ये नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, या संस्थेच्या नोंदवहीकडे कारभार आला आणि नावे सर्वांसाठी खुली झाली. थेट डॉट इन घेता येते, तसेच डॉट को डॉट इन किंवा डॉट ऑर्ग डॉट इन हेही पर्याय आहेत. शिक्षणसंस्थांसाठीचे डॉट एसी डॉट इन अर्नेट या शैक्षणिक जाळ्याच्या संस्थेकडून, तर सरकारी डॉट जीओव्ही डॉट इन एनआयसी या केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेकडून मिळते.

सीमाभागाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की या रचनेत खासगी नावांसाठी कर्नाटक किंवा महाराष्ट्र अशी राज्याची पायरी नाही. अर्जात पत्ता लिहिताना राज्य भरावे लागते, पण ते नावात उमटत नाही. दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड असावे, असे कर्नाटकाचा २०२४ चा कायदा सांगतो. डोमेनच्या नियमांत मात्र कोणत्याही राज्याच्या भाषेची अट नाही. बेळगावातल्या शहापूरचा साडीविक्रेता असो, उद्यमबागेतला फौंड्रीवाला असो, की उचगाव-कडोलीचे साहित्य संमेलन भरवणारे मंडळ असो, सर्वांना नियम एकच.

खरी अडचण नाव ठरवताना येते. १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे सरकारी नाव ‘बेळगावी’ झाले. बोलण्यात मराठी माणूस बेळगावच म्हणतो आणि जुने इंग्रजी ‘बेलगाम’ अजून कित्येक लेटरहेडांवर आहे. रोमन लिपीत ही तीन वेगळी नावे होतात, आणि एक घेतले म्हणून दुसरे आपले होत नाही. कुंदा विकणाऱ्या दुकानाने ‘बेलगाम’ घेतले, तर ‘बेळगावी’ टाइप करणारे गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात जाऊ शकते. दोन्ही रूपे घेऊन एक दुसऱ्याकडे वळवणे हा माझ्या मते सर्वांत स्वस्त विमा आहे. निपाणीच्या रोमन रूपात ‘पी’ एक की दोन, हाही तसाच प्रश्न. रोमन लिपीत ळ आणि ल एकाच अक्षराने लिहिले जातात, ऱ्हस्व-दीर्घही पुसले जाते. म्हणून नाव फोनवर एकदा सांगून बघावे. ऐकणाऱ्याला ते न चुकता लिहिता आले तरच घ्यावे.

नुसत्या गावाच्या नावावर विसंबू नये. खानापूर बेळगाव जिल्ह्यात आहे तसे सांगली जिल्ह्यातही आहे. शहापूर ठाण्याकडेही आहे आणि यादगीरकडेही. गावापुढे धंदा, आडनाव किंवा संस्थेची ओळख जोडलेली बरी. पत्त्यातल्या एका टप्प्यात, म्हणजे दोन डॉटमधल्या भागात, जास्तीत जास्त ६३ चिन्हे चालतात. रोमन नावात अक्षरे, अंक आणि संयोगचिन्ह (-) एवढेच वापरता येते, आणि संयोगचिन्ह आरंभी किंवा शेवटी येत नाही.

देवनागरीतले ‘डॉट भारत’ २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाले. पहिल्या आठ भाषांत मराठी होती, कोकणीही होती. कन्नड लिपीतला ‘भारत’ पुढे स्वतंत्रपणे मिळाला. म्हणजे एकाच संस्थेला दोन्ही लिपींत नाव हवे असेल, तर नोंदण्या दोन. आपल्या येळ्ळूरचा ळ्ळ पत्त्यात जसाच्या तसा दिसावा, याचा आनंद मोठा आहे आणि तो घ्यावाच. पण काही खबरदारी हवी. पडद्यामागे देवनागरी नावाचे रोमन सांकेतिक रूप होते, ते मूळ नावापेक्षा लांब असते, त्यामुळे ६३ ची मर्यादा लवकर भरते. ‘ॲग्रो’मधला ॲ दोन प्रकारे टंकता येतो. एकसंध अक्षर म्हणून किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला वेगळे. ‘तऱ्हा’मधल्या ऱ्हचेही तसेच. शक्यतो अशी अक्षरे टाळून नाव घ्यावे. शिवाय अनेक ऑनलाइन अर्ज देवनागरी ईमेल पत्ता स्वीकारत नाहीत, तेव्हा रोमन नाव हाताशी असू द्यावे.

नोंदणी निक्सीमान्य रजिस्ट्रारकडे, म्हणजे नावे विकणाऱ्या कंपनीकडे, होते. नाव मोकळे आहे का हे पाहायचे, १ ते १० वर्षांची मुदत निवडायची, शुल्क भरायचे, मग नेमसर्व्हर, म्हणजे नावावरून संकेतस्थळाचा संगणक शोधून देणारे सर्व्हर, जोडायचे. काम अर्ध्या तासाचे. त्यात एक रकाना मात्र जपण्याचा आहे, नोंदणीदाराचा. सीमाभागातल्या मंडळांत, वाचनालयांत, पतसंस्थांत हे काम एखाद्या उत्साही कार्यकर्त्यावर किंवा वेबसाइट करून देणाऱ्यावर सोपवले जाते, आणि तो स्वतःचे नाव व ईमेल घालतो. पुढे तो नोकरीसाठी पुण्याला गेला, फोन बदलला, मुदत संपल्याची सूचना कोणालाच मिळाली नाही, की वर्षानुवर्षे जपलेला पत्ता हातचा जातो. मुदतीनंतर काही दिवस सवलत असते, मग जादा शुल्काचा काळ, आणि त्यानंतर नाव कोणीही घेऊ शकते. नोंदणीदार म्हणून संस्थेचे नाव आणि पदाधिकारी बदलला तरी टिकणारा ईमेल द्यावा. नूतनीकरणाची तारीख वार्षिक सभेच्या कागदांत लिहून ठेवावी.

नाव दुसऱ्याने बळकावल्यास निक्सीच्या तंटानिवारण धोरणाखाली लवादाकडे जाता येते. तक्रारदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. नाव आपल्या नावाशी किंवा व्यापारचिन्हाशी गल्लत होण्याइतके सारखे आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि हेतू वाईट आहे. चिन्ह नोंदवलेले असल्यास काम सोपे होते.

बँकांचा मार्ग आता वेगळा आहे. फसव्या संकेतस्थळांना आळा घालण्यासाठी रिझर्व्ह बँकेने सहकारी बँकांसह सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर जाण्यास सांगितले, आणि त्याची नोंदणी हैदराबादची आयडीआरबीटी ही रिझर्व्ह बँकेने स्थापलेली बँकिंग तंत्रज्ञानाची एकच संस्था करते. पतसंस्था बँक नसल्याने तिला हे नाव मिळत नाही.