नदीकाठची शरद मॅरेथॉन

थंड हवामानाच्या प्रदेशात नदीकाठच्या छोट्या शहरांतून दर शरदात भरणारी ४२.१९५ किमीची शर्यत. (हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावले गेले, १९२१ मध्ये ते प्रमाण ठरले.) गारवा धावण्याला मानवतो आणि सरावाला अख्खा उन्हाळा मिळतो, म्हणून हा हंगाम.

एवढ्या लांबीचे मोकळे रस्ते छोट्या शहरात नसतात. म्हणून एका काठाने जायचे, पूल ओलांडून दुसऱ्या काठाने परतायचे, अशा सहसा दोन फेऱ्या. मार्ग सपाट, चढ म्हणजे काय ते पुलांचे. सगळे पूल एकदम बंद केले तर शहराचे दोन तुकडे होतात, तेव्हा रुग्णवाहिकेसाठी एक तरी मोकळा ठेवावाच लागतो.

खरी कसोटी मोजणीची. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर, म्हणजे चाकाचे फिरणे मोजणारे छोटे यंत्र, बसवतात; त्याचा एक आकडा म्हणजे साधारण १० सेंटीमीटर. पोलादी टेपने किमान ३०० मीटरची सरळ पट्टी आखून तिच्यावर मोजणीआधी चार आणि नंतर चार वेळा सायकल चालवतात, म्हणजे एका किलोमीटरला किती आकडे पडतात ते कळते. मार्गावर वळणाच्या आतल्या कडेपासून ३० सेंमी अंतर राखून, जवळात जवळच्या वाटेने जायचे. अंतर कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे १ मीटर जास्त धरतात, म्हणजे एकूण ४२ मीटर. सकाळी ऊन चढले की टायर फुगतो, आकडे कमी पडतात आणि मार्ग किंचित लांब आखला जातो, ते चालते. दुपारनंतर गारठा आला की उलटे होते, आणि ते घातक. म्हणूनच नंतरच्या चार फेऱ्या टाळायच्या नसतात.

अंतराची कमीजास्त वळणबिंदू (धावपटू त्याच रस्त्याने माघारी फिरतात ती, एकदाच लागणारी जागा) सरकवून भरून काढतात: खूण २१ मीटर पुढे नेली की मार्ग ४२ मीटर वाढतो. शर्यतीच्या पहाटे धुक्यात शंकू अंदाजाने ठेवला तर सगळी मोजणी वाया, म्हणून रस्त्यात खिळा ठोकून त्याचे अंतर दिव्याच्या खांबापासून लिहून ठेवतात. मँचेस्टर मॅरेथॉन २०१३ ते २०१५ अशी तिन्ही वर्षे ३८० मीटर कमी भरल्याचे नंतर उघड झाले.

धावपटूच्या जीपीएस घड्याळात मात्र अंतर बहुधा जास्तच दिसते आणि तक्रारी येतात. नागमोडी काठावर बाहेरच्या कडेने धावणारा खरोखरच जास्त धावतो; शिवाय पुलाखाली उपग्रहाचा सिग्नल तुटतो.

पाण्याची टेबले सुमारे पाच-पाच किमीवर. पुलाच्या उतारावर टेबल नको: सांडलेले पाणी, चुरगळलेले कप आणि ओली पाने यांवरून पाय घसरतो. पाने आदल्या दिवशी झाडली तरी रात्रीत पुन्हा साचतात, त्यामुळे वळणे पहाटे परत झाडावी लागतात. शेवटची रेषा पाण्यालगत असली तर घामाने भिजलेला धावपटू थांबताच वाऱ्याने गारठतो. ऊब धरणारी चकाकती चादर पदकाच्या आधी हातात पडायला हवी.