ओपॅकवर दिसत नाही म्हणजे पुस्तक ग्रंथालयात नाही?

बडोद्यातल्या मराठी वाचकांत फिरणारा समज असा: ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेत, नाव टाकून पुस्तक आलं नाही, तर ते तिथे नाहीच.

समज स्वाभाविक आहे, पण संगणक पुस्तक शोधत नाही. टाइप केलेली अक्षरं जुळवतो. ‘वाऱ्यावर’ हा शब्द युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतात, दोन प्रकारे साठवता येतो: साधा र, हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह) आणि अदृश्य जोडचिन्ह, किंवा नुक्ताधारी (खाली टिंब असलेला) ऱ आणि हलन्त. पडद्यावर दोन्ही सारखे. शोधात मात्र अनेकदा वेगळे. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी असे अनुस्वार काढले, त्यामुळे त्यापूर्वीच्या पुस्तकाचं नाव ‘कांहीं’ असेल, तर ‘काही’ टाकून ते सापडेलच असं नाही. काही नोंदी रोमन लिपीतच असतात. तिथे वाडा कुणी व्हीने लिहिलेला, कुणी डब्ल्यूने.

म्हणून पूर्ण शीर्षक टाकू नका. जोडाक्षर नसलेला एकच शब्द घ्या. मग फक्त लेखकाचं आडनाव, आधी देवनागरीत, नंतर रोमनमध्ये. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक, असेल तर उत्तम, पण जुन्या पुस्तकांना तो नसतोच.

तरीही नाही? ड्युई पद्धतीच्या (विषयवार क्रमांकांनी पुस्तकं लावणाऱ्या) ग्रंथालयात मराठी साहित्य 891.46 ला असतं. ते कपाट स्वतः बघा. (शेजारचा 891.47 गुजरातीचा, तिथेही चुकून गेलेलं सापडतं.) शेवटी ग्रंथपालांना कार्डतालिका आणि दाखल नोंदवही (आलेली पुस्तकं नोंदवायची वही) बघायला सांगा. जुन्या संग्रहाच्या सगळ्याच नोंदी संगणकावर चढलेल्या नसतात.