‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ लावणाऱ्या ग्राहकांसाठी : रंग गेलेला नाही, तो मुळातच नाही

नमस्कार. पडदा, प्रोजेक्टर आणि स्पीकरची जोडी भाड्याने ठरवताना तुम्ही ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ लावणार असल्याचं सांगितलंत, म्हणून सामानासोबत हा कागद ठेवला आहे. एरवी कुठल्या पिक्चरसाठी आम्ही असं काही देत नाही. याच्यासाठी द्यायचं ठरवलं, त्याला कारण घडलं.

मागच्या हिवाळ्यात एका सोसायटीच्या गच्चीवर हाच पिक्चर लागला होता. नावं पडद्यावर यायला लागली आणि मागच्या खुर्च्यांमधून आवाज आला, “अहो, कलर गेला वाटतं!” सामान लावायला गेलेला आमचा मुलगा नवीन होता. त्याने एचडीएमआयची वायर काढली, फुंकर मारून परत लावली. मग दुसरी वायर लावली. मग मेन्यूत शिरून रंगाचा आकडा शंभरावर नेला. यात दहा मिनिटं गेली आणि पुढच्या रांगेतली मुलं उठून पकडापकडी खेळायला लागली. चूक आमचीच, त्याला आधी सांगून पाठवायला हवं होतं. म्हणून आता सगळ्यांनाच आधी सांगतो : पिक्चर १९७४ सालचा आहे आणि मुद्दाम ब्लॅक अँड व्हाइट काढलेला आहे.

मुद्दाम म्हणजे अगदी हट्टाने. त्या काळात हॉलिवूडमध्ये जवळजवळ सगळं रंगीत झालेलं होतं. दिग्दर्शक मेल ब्रुक्स आणि मुख्य भूमिका करणारे जीन वाइल्डर यांनी मिळून पटकथा लिहिली. कोलंबिया स्टुडिओशी बोलणी बरीच पुढे गेली आणि ‘रंगीत नसणार’ म्हटल्यावर फिसकटली. रंगीत फिल्मवर शूट करा, रंग मागाहून काढू, ही तडजोडसुद्धा ब्रुक्स यांनी घेतली नाही. शेवटी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने पिक्चर केला आणि तो जोरात चालला. पटकथेला ऑस्करचं नामांकनही मिळालं.

एवढा हट्ट कशासाठी, ते कळायला मूळ पिक्चर ठाऊक हवेत. हे विडंबन आहे. अत्र्यांनी केशवकुमार नावाने केलेली विडंबनं वाचताना मूळ कविता कानात असेल तरच खरी गंमत येते, तसंच इथे.

मूळ काय होतं?

मेरी शेली यांची कादंबरी १८१८ सालची. पण ब्रुक्स आणि वाइल्डर कादंबरीची टर उडवत नाहीत. त्यांचं लक्ष्य म्हणजे युनिव्हर्सल स्टुडिओने १९३१, १९३५ आणि १९३९ साली काढलेले तीन भयपट. मेलेल्या माणसांचे अवयव जोडून शास्त्रज्ञ एक देह तयार करतो, विजेच्या लोळाने त्यात जीव आणतो, आणि मग ते प्रकरण हाताबाहेर जातं. बोरिस कार्लोफ यांचा चपट्या डोक्याचा राक्षस याच तिन्ही पिक्चरमधला. एक लक्षात ठेवा, फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचं नाव नाही, शास्त्रज्ञाचं आहे.

आपल्या पिक्चरचा नायक त्या शास्त्रज्ञाचा नातू. आजोबांच्या उद्योगाची त्याला इतकी लाज वाटते की स्वतःचं आडनाव तो ‘फ्रॉन्कनस्टीन’ असं उच्चारतो आणि कुणी नीट म्हटलं की चिडतो. मग घराण्याचा वाडा वारशाने मिळतो, तळघरात आजोबांची वही सापडते, आणि चिरंजीव त्याच वाटेने जातात.

मूळ तिन्ही बघायला वेळ कुणाला आहे, आम्हालाही कळतं. पण जमलं तर १९३५ च्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मधला आंधळ्या म्हाताऱ्याचा प्रसंग तेवढा आधी बघून घ्या. रानातल्या झोपडीत एकटा राहणारा म्हातारा राक्षसाला आत घेतो, खाऊपिऊ घालतो, सिगार ओढायला देतो, ‘मित्र’ हा शब्द शिकवतो. डोळ्यांत पाणी येईल असा प्रसंग आहे. आणि मग आपल्या पिक्चरमध्ये तोच म्हातारा बघा. दिसत नसल्यामुळे तो कढत सूप वाडग्याऐवजी राक्षसाच्या मांडीवर ओततो. ‘चिअर्स’ म्हणत पेला असा आपटतो की राक्षसाचा पेला फुटून वाइन सांडते. सिगारऐवजी त्याचा अंगठाच पेटवतो. राक्षस बिचारा ओरडत दार फोडून पळतो आणि म्हातारा मागून हाका मारत राहतो. त्या दाढीमागे जीन हॅकमन आहेत. एवढा मोठा नट चार मिनिटांसाठी आलेला आहे, हे बघणाऱ्याला पटकन ओळखूही येत नाही. आमच्या मते अख्ख्या पिक्चरमधला हा सगळ्यात सरस भाग आहे, त्या वेळी चहा फिरवू नका.

लाकडी हाताचा पोलीस अधिकारी १९३९ च्या पिक्चरमधून उचललेला आहे, डार्ट फेकण्याच्या खेळासकट. शेवटाकडे नायकाच्या वाग्दत्त वधूचे केस उभे राहतात आणि त्यात पांढरे पट्टे दिसतात, ती १९३५ च्या पिक्चरमधल्या राक्षसाच्या नवरीची नक्कल. आणि ‘इगोर म्हणजे कुबडा नोकर’ असं जे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, ते मुळात तसं नाही : १९३१ मधल्या कुबड्याचं नाव फ्रिट्झ, आणि इगोर १९३९ मध्ये आला तो मोडक्या मानेचा.

प्रयोगशाळेकडे नीट बघा

ठिणग्या उडवणारी, दोन दांड्यांमधून विजेची रेघ वर चढत नेणारी जी यंत्रं दिसतात, ती नक्कल नाहीत. १९३१ च्या पिक्चरसाठी ती केनेथ स्ट्रिकफाडेन यांनी बनवली होती. चाळीसएक वर्षांनी शोध घेतला तर ती त्यांच्याच गॅरेजमध्ये ठेवलेली! ब्रुक्स यांनी ती भाड्याने घेतली आणि मूळ पिक्चरमध्ये न मिळालेलं श्रेय या पिक्चरच्या नामावलीत दिलं. भाड्याने सामान देणारे म्हणून हा किस्सा आम्हाला विशेष आवडतो.

कोट्या

इंग्रजी सबटायटल चालू ठेवा. तरी काही कोट्या निसटतात, म्हणून तीन-चार इथेच फोडतो.

रेल्वे स्टेशनवर नायकाला घ्यायला आलेला कुबडा नोकर इगोर म्हणतो, “वॉक धिस वे.” अर्थ दोन : ‘इकडून या’ आणि ‘असे चाला’. तो स्वतःची आखूड काठी नायकाच्या हातात देतो आणि शिकलासवरलेला डॉक्टर कुबड्यासारखा खुरडत पायऱ्या उतरतो. एरोस्मिथ या रॉक बँडला त्यांच्या गाण्याचं नाव इथूनच सुचलं.

मेंदू आणायला गेलेला इगोर चांगल्या मेंदूची बरणी फोडतो आणि दुसरी उचलून आणतो. नंतर विचारल्यावर सांगतो, मेंदू कुणा ‘अ‍ॅबी नॉर्मल’चा होता. बरणीवरचा शब्द होता ‘अ‍ॅबनॉर्मल’.

वाड्यातल्या बाईचं नाव, फ्राऊ ब्लूखर, कुणी उच्चारलं की बाहेर घोडे खिंकाळतात. जर्मनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘सरस’, म्हणजे घोड्यांच्या हाडांपासून करायचा डिंक, असं पुष्कळजण सांगतात. तसा अर्थ नाही. बाई भयंकर आहे, एवढंच घोड्यांना कळतं.

आणि इगोरच्या पाठीवरचं कुबड मधूनच डावीकडून उजवीकडे जातं. इगोरचं काम करणारे मार्टी फेल्डमन शूटिंगच्या वेळी कुणाला न सांगता ते हलवून ठेवत, आणि सोबतच्यांच्या ध्यानात यायला काही दिवस गेले. मग ते पिक्चरमध्येच ठेवलं. तुमच्याकडे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात येतं, ते बघा.

प्रोजेक्टरचं सेटिंग

रंगाचा आकडा वाढवून काहीही होणार नाही, करड्याला निळी नाहीतर हिरवी झाक मात्र येईल. आम्ही ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ मोड लावून देतो, तोच राहू द्या. ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोडला चेहरे चुन्याने रंगवल्यासारखे दिसतात.

खरी अडचण अंधाराची. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, तो फक्त उजेड टाकतो. पडद्यावर जिथे काळं दिसायला हवं तिथे आजूबाजूचा जेवढा उजेड पडेल, तेवढं ते राखाडी होणार. रंगीत पिक्चरमध्ये हे खपून जातं. या पिक्चरचे छायाचित्रकार जेराल्ड हर्शफेल्ड यांनी सगळी कामगिरी सावल्यांत केलेली आहे, त्यामुळे इथे खपत नाही. गच्चीवरचा दिवा, जिन्यातली ट्यूब, पाण्याच्या टाकीजवळचा बल्ब, सगळं बंद करा. रस्त्यावरचा दिवा समोर येत असेल तर पडद्याची दिशा बदलून देऊ, आधी फोन करा. सूर्य मावळल्यावर लगेच सुरू करू नका, पाऊण तास जाऊ द्या. पडद्याऐवजी घरची चादर लावणार असाल तर मागून दुहेरी करा, नाहीतर अर्धा उजेड आरपार जातो.

गोलाकार मिटत जाणारी चित्रं आणि पडदा पुसल्यासारखे बदलणारे प्रसंग दिसतील, तेही जुन्या पद्धतीची नक्कल म्हणून. फाइल खराब नाही. पिक्चर पावणेदोन तासांचा आहे, मध्यंतर नाही. हवं असेल तर म्हाताऱ्याच्या प्रसंगानंतर थांबवा, त्याआधी नको.

लहान मुलांबद्दल विचारणा होते. रक्तबिक्त फारसं नाही, पण चावट विनोद बरेच आहेत आणि शेवटाकडे जास्तच. दहा-बारा वर्षांच्या आतली मुलं असतील तर आधी स्वतः बघून ठरवा.

पिक्चर आम्ही पुरवत नाही, फक्त सामान देतो. घरच्या माणसांपुरतं बघणं वेगळं. मंडळाचा किंवा सोसायटीचा जाहीर खेळ असेल तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी तुम्ही काढायची.

खेळ संपल्यावर रिमोटने प्रोजेक्टर बंद करा आणि आतला पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नका. दिवा गरम असताना वीज तोडली तर तो लवकर जातो. वायरी गुंडाळायच्या राहिल्या तरी चालतील, सकाळी आमचा मुलगा येऊन नेईल.