सर्दी मुरली असेल तर आधी नाकात डोकावू या

कापूस निघाला, जिनिंग सुरू झाल्या, की "डॉक्टर, सर्दी मुरलीय" म्हणणारे पेशंट आमच्याकडे वाढतात. धुळीने नाकाचा त्रास वाढतो, हे खरंच. पण नाक चोंदणं किंवा घट्ट शेंबूड येणं आणि सोबत चेहरा जड होणं किंवा वास न येणं, हे १२ आठवड्यांहून जास्त चाललं तर ते अंगावर काढू नका. नुसतं डोकं दुखणं म्हणजे सायनस नव्हे. बऱ्याचदा ती अर्धशिशी निघते.

सायनस म्हणजे गाल, कपाळ आणि डोळ्यांच्या मागच्या हाडांतल्या पोकळ्या. त्यांची तोंडं अगदी बारीक असतात. ती सुजून बुजली की आतला स्राव तुंबतो.

तपासणीला भूल लागत नाही. नाकात बधिर करणारं औषध मारून सुमारे ४ मिमी जाडीची दुर्बीण आत घालतो. पडद्यावर तुम्हालाही दिसतं: पिवळ्या पुवाची रेघ घशाकडे उतरलेली, किंवा सोललेल्या द्राक्षासारखा फिकट, चकचकीत कोंब (पॉलिप, म्हणजे नाकाच्या अस्तराची सुजून झालेली वाढ). एकाच बाजूने घाण वास येत असेल तर वरची दाढही बघतो, कारण तिचं मूळ गालाच्या सायनसला लागून असतं.

पहिल्याच भेटीत ऑपरेशन ठरवणं आम्हाला पटत नाही. आधी काही आठवडे स्प्रे आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणं. पाणी उकळून गार केलेलंच हवं. तेवढ्याने भागलं नाही तर सीटी स्कॅन. ऑपरेशन नाकपुडीतूनच होतं, चेहऱ्यावर टाका नाही. बुजलेली वाट मोकळी करायची, एवढाच त्याचा हेतू. डोळा आणि मेंदू अगदी शेजारी असल्याने क्वचित त्यांना इजा होऊ शकते. हे सही घेण्याआधी स्कॅन दाखवून समजावतो. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका.

खरी कसोटी नंतरची. पहिले काही दिवस नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवा. खपल्या काढायला बोलावू तेव्हा या. यावल-रावेरहून केळीची कापणी सोडून येणं जड जातं, ठाऊक आहे. पण खपल्या राहिल्या तर वाट पुन्हा चिकटते. कोंब परत येऊ शकतात, म्हणून स्प्रे आपल्या मनाने थांबवू नका.

डोळा सुजला, एकाचे दोन दिसले, रक्त थांबेना किंवा नाकातून पाण्यासारखं गळू लागलं, तर रात्री कितीही वाजले असोत, लगेच फोन करा.