जुन्या डिझेल गाडीला ऑफ-रोडसाठी सजवताय? आधी आरसी बाहेर काढा

घरची पंधरा वर्षांची बोलेरो किंवा सुमो, इंजिन अजून ठणठणीत. तिला विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) लावायचा, पुढे जाड लोखंडी बंपर, बाजूला स्नॉर्केल (इंजिनला वरून हवा देणारी उंच नळी), पाटे उंच करायचे, टपावर दिव्यांची पट्टी आणि तंबू. गॅरेजवाला म्हणतो, "बसवून टाकू, आरटीओचं नंतर बघू." हे "नंतर" निस्तरायला आलेली माणसं मी आरटीओच्या खिडकीपाशी बरीच पाहिली आहेत. त्यातल्या निम्म्यांचं काम स्नॉर्केलमुळे अडलेलं नसतंच. ते अडलेलं असतं दहा वर्षांपूर्वी फेडलेल्या कर्जामुळे. तिथे येऊच, पण आधी कायदा.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरची माहिती कंपनीने मुळात दिलेल्या माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जुने मेकॅनिक अजून "दोन टक्के वजन चालतं" असं छातीठोकपणे सांगतात. ते अगदीच खोटं नाही. मूळ कलमात तशी सवलत होती. पण २००० साली कलम बदललं आणि ती गेली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच कलम कडक अर्थाने वाचलं, आणि तेव्हापासून निरीक्षक सहसा धोका पत्करत नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ नव्याने लिहिलं गेलं. बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "प्रत्येक बदलामागे" हे शब्द गॅरेजच्या कोटेशनवर कधी लिहिलेले नसतात.

मग काय मंजूर होतं? खरं सांगायचं तर यादी छोटी आहे. इंजिन खराब झालं तर त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं दुसरं बसवता येतं, मात्र परवानगी घेऊन. रंग बदलता येतो आणि त्याची आरसीवर नोंद होते, पण ऑलिव्ह ग्रीन सोडून. तो रंग केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ नुसार फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांचा आहे, आणि नेमका तोच सगळ्यांना हवा असतो. टायरच्या बाबतीत त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिअंटला कंपनी जो साइज देते, तिथपर्यंत थांबलात तर वाद होत नाही. लिफ्ट किट लावून उंच टायर घातले की गाडीची मापं बदलतात. त्याला मंजुरी मिळेल या आशेवर पैसे घालू नका. लोखंडी क्रॅश गार्ड काढायला लावा असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे. समोरच्या स्पॉटलाइटला नियम १११ आड येतो. सुटं सामान, म्हणजे वाळूत टाकायच्या पट्ट्या, हवेचा पंप, टोचनाचा पट्टा, याला कुणाची परवानगी लागत नाही. दौऱ्यात सगळ्यात जास्त तेच उपयोगी पडतं.

आता कागद. गाडी जुनी आहे, त्यामुळे बदलाचा अर्ज हातात घेण्याआधी मूळ कागद चोख असावे लागतात.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे ती पाच-पाच वर्षांनी वाढवायची, फॉर्म २५ भरून. नियम म्हणतो, मुदत संपण्याआधी साठ दिवसांपेक्षा लवकर अर्ज करू नये. लोक याचा अर्थ "संपल्यावर साठ दिवस सूट आहे" असा लावतात. सूट नाही. उशिराच्या प्रत्येक महिन्याला पाचशे रुपये भरावे लागतात, आणि मुदत संपलेल्या आरसीवर बदलाचा अर्ज कुणी हातात धरत नाही. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी पाच हजार आहे. गाडी वीस वर्षांपुढची असेल तर २०२५ च्या अधिसूचनेनंतर दहा हजार. पर्यावरण कर वेगळा. गाडी २००९ ची असेल तर आधी हा हिशेब करा, विंचचा नंतर.

आणि आता तो कागद, जो कुणाकडेच नसतो. आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, आहे का बघा. कर्ज केव्हाच फिटलं, चाव्या आपल्याकडे, म्हणून सगळं झालं असं वाटतं. पण बोजा आपोआप उतरत नाही. फॉर्म ३५ च्या दोन प्रती आणि कंपनीचं ना-हरकत पत्र लागतं. बारा वर्षांनी जाल तेव्हा ती शाखा बंद झालेली असते, कंपनी दुसरीत विलीन झालेली असते आणि फोनवरचा मुलगा कर्ज खाते क्रमांक मागतो, जो घरात कुणालाच आठवत नाही. जुनं पासबुक शोधा, हप्ते ज्या बँकेतून गेले तिथलं स्टेटमेंट काढा. हे काम कधी चार दिवसांत होतं, कधी चार महिने खातं. म्हणून सुरुवात इथूनच करा. ना-हरकत पत्र आलं की लगेच दाखल करा. ते कपाटात ठेवून मुदतबाह्य करणारेही पाहिले आहेत.

दुसरी अडचण पुस्तकी आरसीची. जुनं आरसी बुक असेल तर गाडीची माहिती 'वाहन' या सरकारी ऑनलाइन प्रणालीत पूर्ण चढलेली नसू शकते. मग आधी बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी माहिती तिथे चढवून घेणं. नोंदणीतला मोबाइल नंबर बंद असेल तर ओटीपी येणार नाही, तो आधी बदलून घ्या. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट हवी. ती नसल्याने बोजा उतरवण्यासारखी कामंही खिडकीवरून परत फिरतात. विमा आणि पीयूसी चालू असावं हे सांगायला नको, तरी सांगतो.

पिकअपवाल्यांना वेगळा इशारा. पिवळ्या पाटीचं पिकअप म्हणजे मालवाहू गाडी. तिच्या हौद्यात गाद्या टाकून चार मित्रांना स्पितीला नेणं म्हणजे मालवाहू गाडीतून प्रवासी वाहतूक. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल. शिवाय आठ वर्षांपुढच्या व्यावसायिक गाडीचं फिटनेस दरवर्षी लागतं, आणि तिथे तुमचा नवा बंपर दरवर्षी नव्याने दिसतो.

प्रत्यक्ष अर्ज तसा सरळ आहे. परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीतील बदलाची सेवा निवडा, फी भरा, वेळ घ्या, गाडी दाखवायला न्या. क्रम मात्र उलटा करू नका. आधी परवानगी, मग काम, मग चौदा दिवसांच्या आत आरसीसह कळवणं. हे चौदा दिवस झालेला बदल नोंदवायचे आहेत, परवानगीशिवाय केलेला बदल त्या मुदतीत पवित्र होत नाही. इंजिन बदलणार असाल तर नंबर लिहिलेलं जीएसटी बिल हवं. भंगार बाजारातून उचललेल्या इंजिनला पावती नसते, आणि ते चोरीच्या गाडीतलं नाही हे सिद्ध करायचं ओझं तुमच्याच डोक्यावर येतं. 'एआरएआय मंजूर' (एआरएआय म्हणजे वाहनं आणि त्यांचे भाग तपासणारी संस्था) म्हणून विकल्या जाणाऱ्या सुट्या भागाचं प्रमाणपत्र मागून घ्या. विक्रेता नुसता स्टिकर दाखवत असेल तर दुकान बदला.

तपासणीच्या दिवशीचा एक प्रसंग. एका कोकणातल्या जीपवाल्याने गंज लागू नये म्हणून तळाला काळं अंडरबॉडी कोटिंग मारून घेतलं होतं, चेसिस नंबरसकट. निरीक्षकांनी कागद ठेवून पेन्सिल घासली, उमटला तो गुळगुळीत काळा चौकोन. गडी तिथेच उन्हात आडवा पडून, रॉकेलचा बोळा आणि तारेचा ब्रश घेऊन तासभर घासत बसला. नंबर दिसला, पण एका आकड्याचं पोट गंजाने खाल्लेलं होतं, तो तीन की आठ यावर अर्ज परत गेला. तुम्ही घरीच चेसिस आणि इंजिन नंबरचा पेन्सिल ठसा काढून आरसीशी अक्षर-अक्षर ताडून पाहा. जुनी विकत घेतलेली गाडी असेल तर इंजिन नंबर नक्कीच. आधीच्या मालकाने गुपचूप बदललेलं इंजिन याच दिवशी उघडकीला येतं.

शेरा मारलेली आरसी हाती आली की तिची प्रत विमा कंपनीला लेखी कळवून पोच घ्या. आणि लडाखला निघणार असाल तर दिल्ली टाळा. दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर तिथे हरित लवादाचा २०१५ चा आदेश आहे, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो उचलून धरला, आणि त्यानंतर अंमलबजावणी कधी सैल तर कधी घट्ट होत आली आहे. महाराष्ट्रात केलेलं नूतनीकरण दाखवून तिथल्या पोलिसाशी वाद घालण्यापेक्षा बिकानेर-भटिंडामार्गे वर चढलेलं बरं. लांब पडतं, पण गाडी जप्त होऊन परत येण्याइतकं लांब नाही.