वेलांटी आधी, उच्चार नंतर

'किती' हा शब्द पहिलीतल्या मुलासारखा डावीकडून वाचून पाहा. आधी दिसते वेलांटी, मग 'क'. तोंडाने मात्र आधी 'क' म्हणायचा आणि मग 'इ'. 'सूर्य' त्याहून अवघड. रफार बसलाय 'य'च्या डोक्यावर, पण उच्चारायचा 'य'च्या आधी. आपल्याला इतकी सवय झालेली असते की डोळ्यांची ही मागेपुढे धावपळ जाणवतही नाही.

मूल बोलायला ऐकता ऐकता शिकतं, वाचायला नाही. लिपी माणसाला सापडून जेमतेम पाच हजार वर्षं झाली. एवढ्या काळात वाचनासाठी मेंदूत खास भाग उत्क्रांत होणं शक्यच नव्हतं. म्हणून प्रत्येक मुलाच्या मेंदूला वस्तू नि चेहरे ओळखणारे भाग आवाज ओळखणाऱ्या भागांशी नव्याने जोडावे लागतात. सरावाने डाव्या बाजूला, मागे-खाली असलेला एक छोटा पट्टा अक्षरं ओळखण्यात तरबेज होतो. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातल्या संशोधकांना देवनागरी वाचताना उजव्या बाजूचे, जागेचं भान ठेवणारे भागही कामाला लागलेले दिसले. वेलांट्या, उकार, मात्रा अक्षराच्या चारही बाजूंना बसतात, हे लक्षात घेतलं तर त्यात नवल नाही.

ही जोडणी सगळ्यांची सारख्या वेगाने होत नाही. काही मुलांना ती फार जड जाते. त्यालाच डिस्लेक्सिया म्हणतात. तो बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात डिस्लेक्सिया असलेल्या पन्नास हजारांहून अधिक प्रौढांची जनुकीय माहिती तपासली, तेव्हा जनुकसंचात त्याच्याशी संबंधित 42 जागा सापडल्या. एकच एक 'बिघडलेलं' जनुक नव्हतंच. अनेक जागांवरच्या छोट्या छोट्या फरकांची ही बेरीज आहे आणि त्यातले बरेच फरक उत्तम वाचणाऱ्यांमध्येही असतात. बुद्धी कमी असण्याशी किंवा अक्षरं उलटी दिसण्याशी याचा संबंध नाही. अडचण बहुधा आवाजांशी असते. 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरेल, असं विचारलं की बहुतेक मुलं 'मळ' म्हणतात. डिस्लेक्सिया असलेलं मूल तिथेच अडतं.

मराठीत आणखी एक पेच आहे. आपली लिपी बरीचशी उच्चारानुसार चालते, त्यामुळे असं मूल कष्टाने का होईना, बरोबर वाचतं. फक्त फार हळू. चुका कमी म्हणून ते कुणाच्या नजरेत भरत नाही आणि धडा अपुरा राहिला की 'आळशी', 'लक्षच देत नाही' असे शिक्के बसतात. हे शिक्के मला सगळ्यात क्रूर वाटतात, कारण त्या वर्गात सर्वाधिक मेहनत तेच मूल करत असतं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया त्यातलाच), स्वमग्नता (ऑटिझम) यांसह दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांना मान्यता दिली. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सोयी त्यात आहेत. त्या हव्यातच. पण समावेशक शिक्षण म्हणजे दहावीच्या सवलती, एवढीच समजूत पालकांत आणि शाळांतही दिसते. लिपीशी झुंज पहिलीत सुरू होते. दहावीच्या जादा वेळाने मधली नऊ वर्षं भरून निघत नाहीत.

बदल वर्गातच व्हायला हवा. आवाज तोडण्या-जोडण्याचे खेळ आधी, अक्षरं मागाहून. रफार आणि जोडाक्षरं गृहीत न धरता एकेक करून उघड शिकवायची. सगळ्यांसमोर मोठ्याने वाचण्याची सक्ती नको. परिसर अभ्यासाचं उत्तर तोंडी दिलं तरी पूर्ण गुण. एका जागी बसणं ज्यांना जमत नाही किंवा गोंगाट सोसत नाही, त्यांच्यासाठी तपशील वेगळे असतील, पण बदलायचा तो वर्गच. आवाजांच्या खेळांचा फायदा तर साऱ्या वर्गाला होतो, म्हणजे कुणाला वेगळं बाजूला काढायचीही गरज नाही.

अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र साधारण आठव्या वर्षानंतरच मिळतं. तोवर हात बांधून बसायचं कारण नाही. मानेसरच्या त्याच केंद्राने 2015 मध्ये आणलेली 'डाली' ही डिस्लेक्सिया ओळखण्याची चाचणी मराठीतही आहे आणि तिच्यात पहिली-दुसरीसाठी शिक्षकांनीच वापरायची प्राथमिक तपासणी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पहिलीच्या बाईंना ती वापरायचं प्रशिक्षण मिळालं, तर प्रमाणपत्राची वाट न पाहता त्या 'कमळ'मधला 'क' काढायचा खेळ त्याच आठवड्यात सुरू करू शकतात.