मांड्या भरून येतात त्या लॅक्टिक ॲसिडमुळे नव्हे

वसंत सुरू झाला की बागकाम करणाऱ्या मित्रमंडळींत रोपांइतकीच दुखण्यांचीही देवाणघेवाण सुरू होते. कुणाच्या बोटात काटा रुतलेला असतो, कुणाला परागकणांमुळे शिंका आवरत नसतात आणि मांड्या नि कंबर तर जवळजवळ सगळ्यांचीच भरून आलेली असते. हिवाळाभर फारसं न वाकलेलं शरीर एका सुट्टीच्या दिवशी वाफे खणायला आणि तण उपटायला जुंपलं, तर दुसरं काय होणार? मग कोणीतरी हमखास सांगतं, "लॅक्टिक ॲसिड साठलंय, भरपूर पाणी पी, निघून जाईल." सल्ला आपुलकीचा असतो, पण त्यातलं कारण चुकीचं आहे. खरं कारण या गैरसमजाखाली वर्षानुवर्षं दडून राहतं याचं मला फार वाईट वाटतं, कारण स्नायूंच्या विज्ञानातला इतका देखणा भाग दुसरा नाही.

आधी वेळ पाहू. जोराच्या कामात स्नायूंत लॅक्टिक आम्ल, नेमकं सांगायचं तर लॅक्टेट, तयार होतं हे खरंच आहे. पण काम थांबल्यावर साधारण तासाभरात त्याची रक्तातली पातळी पूर्ववत होते. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात, यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवतं. दुखणं मात्र बारा ते चोवीस तासांनी सुरू होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं. जे केव्हाच संपून गेलंय ते परवा कसं दुखवेल?

याची थेट परीक्षाही झाली आहे. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांना पळण्याच्या यंत्राच्या (ट्रेडमिलच्या) सपाट पट्ट्यावर पळवलं आणि काहींना उतारावर. सपाटीवर पळणाऱ्यांचं लॅक्टेट चांगलंच वाढलं, पण पुढचे दिवस त्यांना विशेष काही दुखलं नाही. उतारावर पळणाऱ्यांचं लॅक्टेट वाढलं नाही, पण पाय दुखले त्यांचेच. मूळ गैरसमज बहुधा १९०७ सालच्या एका उत्तम प्रयोगाच्या अर्धवट वाचनातून पसरला असावा. फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी दाखवलं होतं की बेडकाचा स्नायू दमेपर्यंत चालवला की त्यात लॅक्टिक आम्ल जमतं आणि प्राणवायू मिळाला की नाहीसं होतं. हा त्या क्षणीचा थकवा होता, परवाच्या दुखण्याबद्दल त्यात काहीच नव्हतं. त्या दुखण्याबद्दल थिओडोर हफ यांनी १९०२ सालीच लिहून ठेवलं होतं की स्नायूच्या आतच काहीतरी फाटत असावं. बरोबर दिशा आधी सापडली होती, गाजली मात्र दुसरीच गोष्ट.

आता उतारात असं काय आहे, ते पाहू.

स्नायू आखडतो तेव्हा तो आखूड होतो, असं आपण शाळेत शिकतो. पण ताण देत असतानाच तो लांबही होऊ शकतो. जड कुंडी हळूहळू जमिनीवर ठेवताना दंडाचा पुढचा स्नायू जोर लावत असतो आणि तरीही लांब होत असतो. नाहीतर कुंडी धाडकन खाली पडली असती. उकिडवं बसताना आणि उतारावर पळताना मांडीचा पुढचा स्नायू हेच करतो. तण काढायला कमरेतून वाकताना मांडीचा मागचा भाग, नितंब आणि पाठीचे स्नायू आपल्याला तोल जाऊ न देता खाली उतरवत असतात. बागकाम म्हणजे दिवसभर अशी शेकडो छोटी-मोठी उतरणं. उचलण्याचे कष्ट जाणवतात, उतरवण्याचे जाणवत नाहीत, कारण त्यात शक्ती खरोखरच कमी लागते. १९५२ साली ॲबट, बिगलँड आणि रिची यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने पुढे पायडल मारायचं, दुसऱ्याने उलट फिरणारं पायडल नुसतं अडवून धरायचं. दोघांच्या पायांवर सारखाच जोर येत होता, तरी पायडल मारणाऱ्याला अडवणाऱ्यापेक्षा वेगानुसार सुमारे अडीच ते पाच पट प्राणवायू लागला.

असं का होतं, हे कळायला स्नायुतंतूच्या आत जावं लागतं. प्रत्येक तंतूत सार्कोमिअर नावाचे घटक एकापुढे एक जोडलेले असतात. एकाची लांबी सुमारे अडीच मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरात साधारण चारशे. सार्कोमिअरच्या दोन्ही टोकांना 'झेड' चकत्या असतात, त्यांतून ॲक्टिनचे बारीक धागे आत आलेले असतात आणि मधोमध मायोसिनचे जाड धागे असतात. मायोसिनला असंख्य डोकी असतात. ती ॲक्टिनला पकडतात, खेचतात, सोडतात, पुन्हा पुढे पकडतात. हे धागे एकमेकांवरून सरकतात, हे १९५४ साली अँड्र्यू हक्स्ली आणि ह्यू हक्स्ली या एकमेकांशी नातं नसलेल्या दोघांनी आपापल्या सहकाऱ्यांसह स्वतंत्रपणे मांडलं. पकड सोडवायला प्रत्येक वेळी एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू लागतो. उतरवताना मात्र वजनच धाग्यांना उलट ओढत असतं, त्यामुळे बरीच डोकी एटीपी न खर्चता नुसत्या ओढीनेच सुटतात आणि लगेच पुन्हा चिकटतात. समोरचा संघ बलवान असला की रस्सीखेचीत दोर मुठींतून निसटत जातो, पण आपण तो सोडत नाही, तसं हे असतं. म्हणून इंधन कमी लागतं. पण प्रत्येक तंतू जास्त ताण पेलतो, म्हणून तेच वजन पेलायला कमी तंतू पुरतात. त्या थोड्यांवर भार प्रचंड पडतो.

आणि इथेच खरी गंमत आहे. सगळे सार्कोमिअर अगदी सारखे नसतात. ताणला गेलेला सार्कोमिअर एका मर्यादेपलीकडे लांब झाला की त्यातल्या जाड आणि बारीक धाग्यांचा एकमेकांवर येणारा भाग कमी होतो. पकडायला डोकी कमी उरतात, म्हणजे तो शेजाऱ्यांपेक्षा दुबळा होतो. दुबळा झाला म्हणून आणखी ताणला जातो, ताणला गेला म्हणून आणखी दुबळा होतो. शेवटी धाग्यांची गाठच सुटते आणि तो क्षणात लांबच लांब ताणला जातो. मग भार टायटिनवर येतो. टायटिन हे आपल्या शरीरातलं सर्वांत मोठं प्रथिन, 'झेड' चकतीपासून सार्कोमिअरच्या मध्यापर्यंत पसरलेलं. असे 'उडालेले' सार्कोमिअर तंतूत इथे-तिथे विखुरलेले असतात आणि स्नायू सैल सोडल्यावर त्यातले बहुतेक परत जुळतात. काही जुळत नाहीत. ही कल्पना डेव्हिड मॉर्गन यांनी १९९० मध्ये मांडली. तिच्यावर अजून वाद चालतात, पण दुखणाऱ्या स्नायूचा तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर 'झेड' चकत्या वेड्यावाकड्या पसरलेल्या दिसतात, त्याबद्दल वाद नाही.

मग दुखायला दिवस का लागतो? फाटलेल्या जागी कॅल्शियम आत शिरतं, त्यामुळे प्रथिनं तोडणारी विकरं जागी होतात, पांढऱ्या पेशी सफाईला येतात आणि या सगळ्यात ब्रॅडिकायनिन आणि मज्जातंतूंची वाढ घडवणारा एक घटक तयार होतो. हे रेणू स्नायूतल्या बारीक मज्जातंतूंना हळवं करतात. म्हणून स्वस्थ बसलं तर फारसं दुखत नाही, पण उठायला गेलं किंवा दाबलं की ठणका लागतो. किती फाटलं आणि किती दुखलं यांचा मेळ मात्र नेहमी बसत नाही. थोड्या इजेनेही खूप दुखू शकतं.

पाणी जरूर प्यावं, पण धुऊन काढायला तिथे आम्ल नाहीच. ताणाचे व्यायाम आधी केले काय नि नंतर केले काय, दुखण्यात नगण्य फरक पडतो. हलकं चालणं-फिरणं आणि शेक यांनी तेवढ्यापुरतं बरं वाटतं. तांब्याची कडी, चुंबकाचे पट्टे आणि 'विषद्रव्यं शोषणाऱ्या' तळपायाच्या चिकटपट्ट्या यांवर एक पैसाही घालवू नये. हे दुखणं आठवड्याभरात आपोआप जातं, त्यामुळे तिसऱ्या दिवशी अंगावर जे काही चढवाल त्याला गुण आल्यासारखं वाटणारच. या धंद्याचं सगळं भांडवल तेवढंच आहे.

दुखणं कामाच्या क्षणीच कळ येऊन सुरू झालं, पायात मुंग्या किंवा बधिरपणा उतरला, किंवा लघवी काळपट-तपकिरी झाली, तर ही वेगळी गोष्ट आहे. लघवीचा तो रंग फुटलेल्या स्नायूंतून बाहेर पडलेल्या मायोग्लोबिनचा असतो आणि ते मूत्रपिंडांना बाधू शकतं. तेव्हा थेट डॉक्टरांकडे जावं.

उपाय शोधायचाच तर तो आधी करण्याचा आहे. उतरवण्याच्या कामाचा एक छोटासा हप्ता स्नायूला दिला की पुढच्या मोठ्या हप्त्याला तो कितीतरी कमी दुखतो, आणि हे संरक्षण काही आठवडे, कधी काही महिने टिकतं. गंमत म्हणजे पहिल्या खेपेला फारसं दुखलेलं नसलं तरी चालतं. स्नायू बहुधा नवे सार्कोमिअर रांगेत जोडतो, त्यामुळे प्रत्येकाला कमी ताणावं लागतं. भोवतालची संयोजी ऊती घट्ट होते आणि मज्जासंस्थाही भार जास्त तंतूंवर वाटायला शिकते. तेव्हा खणायला दोन आठवडे असतानाच एक दिवसाआड खुर्चीवर दहा-बारा वेळा सावकाश, मनात चार आकडे मोजत बसावं आणि उठावं. बसताना सावकाश, उठताना हवं तसं. पहिल्या दिवशी सगळ्या बागेऐवजी एकच वाफा घ्यावा आणि बाकीचे तीन-चार दिवसांनी.